‘चिडू नये म्हणून’

फोनमधल्या नोट्समध्ये मी एक यादी ठेवली होती. तिचं नाव ‘चिडू नये म्हणून’. कोण चिडू नये, हे लिहिलं नव्हतं. फोन तो कधीही मागायचा, तेव्हा तेवढी काळजी मी घेतच होते. विचारलंच तर ‘ऑफिसातल्या साहेबांसाठी आहे’ असं सांगायचं, हेही ठरलेलं होतं.

यादी सुरू झाली ती चांगल्या हेतूनं. ओळख होऊन जेमतेम चार महिने झाले होते. एका संध्याकाळी मी मैत्रिणींबरोबर होते आणि त्याचे दोन कॉल राहून गेले. त्यानं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी समोर उभा राहिला तो डोळ्यांत पाणी घेऊन. म्हणाला, “मला वाटलं, संपलं सगळं.” मला अपराधी वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडं छानही वाटलं. आपल्या दोन कॉलवरून कुणाचा जीव एवढा खालीवर होतो! त्या रात्री पहिली नोंद केली: ‘१. बाहेर असताना फोन पर्समध्ये नाही, हातात.’

दोन वर्षांत नोंदी एकेचाळीस झाल्या. त्यातल्या काही इथे देते, कारण ‘त्रासदायक नातं’ म्हटल्यावर काय डोळ्यांसमोर यावं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

‘७. कपडे बदलून ये म्हटलं तर का विचारू नये.’

‘१२. त्याच्यासमोर आईशी फोनवर हसून बोलू नये.’

‘१८. आपल्याला आधी झोप आली तरी आपण होऊन झोपते म्हणू नये.’

‘२२. बॅटरी संपत आली तर आधी स्क्रीनशॉट पाठवावा, मग फोन बंद होऊ द्यावा.’

‘२६. चूक असो नसो, माफी पहिल्या दहा मिनिटांत. नंतर मागितलेली चालत नाही.’

यात कुठे मारहाण दिसते? मलाही दिसत नव्हती. त्यानं माझ्यावर हात उचललेला नव्हता. भिंतीवर मुठी आपटल्या होत्या, दार लाथाडलं होतं, दोनदा फोन फेकला होता. ‘त्याला राग आवरत नाही’ असं मी सगळ्यांना सांगायचे. पण फेकलेला फोन दोन्ही वेळा माझा होता, स्वतःचा त्यानं एकदाही फेकला नाही. त्याच्या साहेबांनी सगळ्यांदेखत त्याला झापलं तेव्हा तो मान खाली घालून ‘हो सर’ म्हणत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिथे राग बरोबर आवरला होता. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायला मला दोन वर्षं लागली.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. ग्राहकानं मागितलेलं आणि बनवलेलं जुळतं का, ते तपासायचं, एवढंच माझं काम. कधी कधी ग्राहकाच्या कागदातच दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध निघतात. तेव्हा आम्ही प्रोग्रॅमरला दोष देत नाही, कागद परत पाठवतो. कारण एक अट पाळली की दुसरी मोडणारच.

एका दुपारी कसलातरी खाते क्रमांक शोधत नोट्स चाळत होते. ही यादी उघडली गेली आणि सवयीनं वरपासून वाचली. नववी नोंद: ‘मेसेजला लगेच उत्तर द्यावं.’ खाली तेहतिसावी: ‘मेसेजला लगेच उत्तर देऊ नये.’ पुढे कंसात त्याचंच वाक्य होतं, ‘सारखी फोनला चिकटलेली असतेस, कुणाशी बोलत होतीस?’

दोन्ही मीच लिहिल्या होत्या, सात-आठ महिन्यांच्या अंतरानं. मग मी कामावर करते तसं सगळं ताडून पाहिलं. अशा आणखी चार जोड्या निघाल्या. पगार वाढल्याचं सांगावं आणि सांगू नये. रडू नये आणि ‘दगडासारखी’ बसू नये. या परीक्षेत पास व्हायची सोयच नव्हती. आणि मी मात्र दोन वर्षं जास्त अभ्यास करत होते.

पण कळणं आणि वळणं यांत केवढं अंतर! मी काय करावं? ती यादी त्यालाच दाखवली. एखादी त्रुटी नोंदवावी तशी. नऊ बघ, तेहतीस बघ, आता तूच सांग मी काय करू. मला खरंच वाटलं होतं, तो म्हणेल, अरेच्चा, हो की. तो आधी हसला. मग गप्प झाला. मग म्हणाला, “माझ्याविरुद्ध फाइल बनवतेयस?” पुढचे तीन तास मी त्या फाइलबद्दल माफी मागत होते. शेवटी त्यानं स्वतःच्या बोटानं नोट डिलीट केली आणि फोन माझ्या हातात देत म्हणाला, “झालं. विषय संपला.”

माझ्या फोनमध्ये डिलीट केलेली नोट तीस दिवस वेगळ्या फोल्डरमध्ये पडून राहते. आठव्या दिवशी मी ती परत काढली. तेव्हाही सोडायचं मनात नव्हतं. नुसती परत हवी होती.

त्यानंतर एकदा मेसेज करून नातं तोडलं. अकरा दिवस टिकलं. अकराव्या रात्री त्यानं गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो पाठवला, खाली ‘सुखी राहा’. मी पळत गेले. तो सोफ्यावर टीव्ही बघत होता. त्या रात्री मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि हे लिहिताना आज लाज वाटते. नंतर मला सांगितलं गेलं ते असं: अशी धमकी खरी की खोटी हे आपण ठरवायचं नाही, खरीच धरायची. लगेच त्याच्या घरच्यांना आणि आपत्कालीन सेवेला कळवायचं. फक्त आपण स्वतः जायचं नाही.

बहुतेक मैत्रिणी तोवर कंटाळल्या होत्या. मी त्यांना दोष देत नाही. तीच रडकथा कुणी किती वेळा ऐकावी? उरली ती माझी रूममेट. तिनं ‘सोड त्याला’ असं एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी त्याचीच बाजू घेतली असती, इतरांपाशी घेत होतेच. ती एकदा एवढंच म्हणाली, “अगं, खिडकी उघडू का, हे तू मला का विचारतेस? खोली तुझीपण आहे ना?” आणि काही दिवसांनी, “माझी एक समुपदेशक आहे. माझ्या फोनवरून बोल. तुझ्या फोनवरून नको.”

त्या बाईंनीही सोडा म्हटलं नाही. मला त्याचा थोडा रागच आला होता. पहिल्या भेटीत त्यांनी एक चित्र दाखवलं, चाकासारखं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ शहरात १९८४ च्या सुमारास, मारहाण सोसलेल्या बायकांच्या गटांचं म्हणणं ऐकून ते तयार केलं गेलं. आसाच्या जागी सत्ता आणि नियंत्रण. मध्ये आठ पाकळ्या: धमक्या, धाक, मानसिक छळ, एकटं पाडणं, पैशाची कोंडी, ‘काही झालंच नाही’ किंवा ‘तुझ्यामुळेच झालं’ म्हणणं, मुलांना वेठीला धरणं, पुरुष म्हणून हक्क गाजवणं. शारीरिक आणि लैंगिक हिंसा कुठे, तर बाहेरच्या धावेवर. हिंसा मधोमध असते आणि बाकीचं तिच्या आजूबाजूला, अशी माझी समजूत होती. इथे धाव चाकाला धरून ठेवत होती, एवढंच. एकदा भिंतीवर मूठ आपटली की पुढचे सहा महिने नुसती नजर पुरते. माझ्या एकेचाळीस नोंदी मी त्या पाकळ्यांत वाटून पाहिल्या. मुलांची पाकळी रिकामी राहिली, बाकी सगळ्या भरल्या.

दुसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, “वर्षभरात त्रास वाढलाय, कमी झालाय, की तेवढाच आहे?”

“कमी झालाय,” मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

त्यांनी वर्षाचं कॅलेंडर पुढे ठेवलं. जॅकलीन कॅम्पबेल या परिचर्या क्षेत्रातल्या अमेरिकी संशोधक. बाईच्या जिवाला किती धोका आहे, हे ताडण्यासाठी त्यांनी १९८० च्या दशकात एक प्रश्नावली बनवली. तिची सुरुवात अशीच कॅलेंडरनं होते. जे घडलं ते तारखेवर मांडायचं. मला तारखा कुठे आठवत होत्या? पण ऑफिसच्या रजा होत्या, फुटलेल्या फोनच्या दुरुस्तीची पावती होती, रात्री दोन वाजता बुक केलेल्या टॅक्सीचे मेसेज होते. तासाभरानं पाहिलं तर पहिल्या सहा महिन्यांत पाच फुल्या होत्या आणि शेवटच्या तीन महिन्यांत अकरा. कमी झाला होता तो माझा विरोध. त्यामुळे भांडणं छोटी वाटत होती.

बाई म्हणाल्या, असं माझ्या एकटीचं होत नाही. ती प्रश्नावली तयार होत असताना ‘त्रास वाढलेला नाही’ म्हणणाऱ्या बायकांपैकी ३८ टक्के जणींनी कॅलेंडर भरल्यावर उत्तर बदललं होतं.

एका फुलीपाशी मी ‘मस्करी’ असं लिहिलं होतं. बाईंनी त्यावर बोट ठेवलं.

“ही काय मस्करी?”

“काही नाही, गंमतीत गळा धरला होता. पाच-सहा सेकंद.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. श्वास अडकला होता का? डोळ्यांसमोर अंधारी आली? नंतर आवाज बसला? गिळताना दुखत होतं? आवाज बसला होता, दोन दिवस. मी ऑफिसात ‘सर्दी’ सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, हे आधी डॉक्टरांना दाखवा आणि कशामुळे झालं ते खरं सांगा. गळा दाबल्यावर बाहेर वळही न उठता आतल्या रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते आणि तिचा त्रास काही दिवसांनीही उद्भवतो. मग त्यांनी २००८ मधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. जोडीदारानं आधी कधी गळा दाबलेला असेल, तर पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त आढळली होती. हे त्यांनी घाबरवायला सांगितलं नाही, आवाजात जराही नाटक नव्हतं. पण सोडायचं ठरलं ते त्या खुर्चीत. यादीनं झालं नाही, चाकानं झालं नाही, ‘मस्करी’ या एका शब्दानं झालं.

सोडायचं म्हणजे त्याच दिवशी जाऊन सांगायचं, असं मला वाटत होतं. बाई म्हणाल्या, नाही. माणूस हातातून निसटतोय हे कळतं, तेव्हा आणि त्याच्या पुढच्या काही आठवड्यांत धोका सगळ्यात जास्त असतो. आधी तयारी.

तयारीला पाच आठवडे लागले. फोनपासून सुरुवात केली. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये पाहिलं तर एक अनोळखी कॉम्प्युटर जोडलेला. ‘तू न सांगता मला सगळं कळतं, इतकं प्रेम आहे’ असं तो म्हणायचा त्याचा उलगडा झाला! माझा हात लॉग आउटवर गेला होता, रूममेटनं धरला. ते काढलं असतं तर त्याला लगेच समजलं असतं. म्हणून ते तसंच ठेवलं, लोकेशनही चालू ठेवलं. कामाचं सगळं बोलणं तिच्या फोनवर. माझ्या फोनवर पाच आठवडे एक आज्ञाधारक मुलगी राहत होती.

नवा ईमेल उघडला, तोही ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. प्रमाणपत्रं, पासपोर्ट, ओळखपत्रांच्या प्रती रूममेटच्या कपाटात गेल्या. बँकेचा पासवर्ड त्याला ठाऊक होता. पगारासाठी दुसरं खातं काढलं. त्याच्या धमक्यांचे, शिव्यांचे आणि माफ्यांचेसुद्धा स्क्रीनशॉट तारखेसकट नव्या ईमेलवर पाठवले आणि फोनमधून पुसले. खोलीची एक किल्ली त्याच्याकडे होती, तेव्हा कुलूप बदलणाऱ्याला दिवस ठरवून सांगून ठेवलं. रूममेटशी एक खुणेचा शब्द ठरला. तो कॉलवर किंवा मेसेजमध्ये आला की काही न विचारता पोलिसांना फोन.

फोटोंची भीती सगळ्यात मोठी होती. तसले फोटो त्याच्याकडे होते आणि ‘माझ्याकडे काय आहे विसरू नकोस’ असं तो अधूनमधून सहज बोलल्यासारखं बोलायचा. त्या वाक्याचाही स्क्रीनशॉट ठेवला. बाईंनी स्टॉपएनसीआयआय या सेवेबद्दल सांगितलं, २०२१ मध्ये सुरू झालेली. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याची एक सांकेतिक खूण तयार होते, तेवढीच पुढे जाते आणि तिच्यात सामील असलेल्या सोशल मीडिया कंपन्या तिच्याशी जुळणारा फोटो ओळखून अडवू शकतात. माझ्याकडे सगळ्या फोटोंच्या मूळ प्रती नव्हत्या. होत्या तेवढ्यांचं केलं. बाकीच्यांचं काय, हा विचार करत एक रात्र जागून काढली आणि मग ठरवलं की यापायी आयुष्यभर त्याच्याजवळ राहणं काही जमणार नाही.

घरी सांगणं यापेक्षाही अवघड गेलं. आई रडली. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता ‘तरी मी सांगत होतो’ येणार. मग ते म्हणाले, “मी आलो तिकडे, तर तुला चालेल का?” दोन वर्षांत कुणी मला परवानगी विचारली नव्हती. मी रडले ती तेव्हा.

प्रत्यक्ष सोडणं चार मिनिटांत झालं. फोनवर. समोरासमोर नाही, हे बाईंनी बजावलं होतं. तीन वाक्यं कागदावर लिहिलेली: “मी हे नातं संपवते आहे. पुन्हा भेटणार नाही. मला संपर्क करू नकोस.” कारण द्यायचं नाही, कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो. त्यानं कारण सतरा वेळा विचारलं. मी कागद वाचत राहिले. बाबा शेजारच्या खोलीत होते, रूममेट मांडीला मांडी लावून. फोन ठेवला, तेच तीन ओळींचं लेखी पाठवलं, आणि मग तिच्या लॅपटॉपवर बसून एकेक दार बंद केलं: लोकेशन, लिंक्ड डिव्हाइसेस, ईमेल, बँक. शेवटी ब्लॉक. कुलूपवाला तोवर खाली येऊन थांबला होता.

पुढचे काही आठवडे ठरल्यासारखेच गेले. अनोळखी नंबर. एका सामायिक मित्रातर्फे ‘तुझं जॅकेट राहिलंय, एकदाच भेट’. राहू दे जॅकेट. ऑफिसच्या फाटकावर त्याचा फोटो देऊन ठेवला होता. तो एकदा आला, सुरक्षारक्षकानं आत सोडलं नाही. मी लेखी तक्रार दिली. ती घेणाऱ्यानं ‘प्रेमप्रकरण का’ असं विचारलं, पण स्क्रीनशॉटचा गठ्ठा पुढे ठेवल्यावर लिहून घेतलं. त्यानंतर तो आला नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मला त्याची आठवण यायची. भयंकर. चाकातल्या सगळ्या पाकळ्या तोंडपाठ असताना यायची. पाचव्या महिन्यात मी बाईंपुढे कबूल केलं की मी वेडी आहे बहुतेक. त्यांनी डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर या संशोधकांचा १९९३ मधला अभ्यास सांगितला. अशा नात्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या ७५ बायकांना त्यांनी लगेच आणि पुन्हा सहा महिन्यांनी तपासलं. ओढ कमी झाली होती, पण किती? साधारण २७ टक्के. आणि वागणूक जितकी टोकाची, एकदा फुलासारखं झेलायचं आणि एकदा पायाखाली घ्यायचं अशी, तितकी ओढ चिवट. कधी मिळेल याचा भरवसा नसलेलं प्रेम सोडवत नाही, जुगार सुटत नाही तसंच.

म्हणजे सहा महिन्यांनी तीन चतुर्थांश शिल्लक. दुसऱ्या कुणाला हे ऐकून धडकी भरेल, मला हायसं वाटलं. माझा आलेख बिघडलेला नव्हता, अपेक्षित होता तसाच चालला होता.

आता सव्वा वर्ष झालं. ती नोट स्क्रीनशॉटबरोबर त्याच ईमेलमध्ये आहे, उघडत नाही. पण ती अंगात कुठे कुठे राहिली आहे ते अचानक दिसतं. मागच्या महिन्यात रूममेटचा मेसेज मी तीन तासांनी पाहिला. उत्तर लिहायला घेतलं: सॉरी सॉरी, मीटिंगमध्ये होते, मग लिफ्टमध्ये नेटवर्क नव्हतं, बरोबर टीममधल्या दोघी होत्या, बॅटरी चार टक्के होती. खाली बॅटरीचा स्क्रीनशॉटही जोडला आणि पाठवून दिलं.

तिचं उत्तर आलं, “अगं, रविवारी येतेस का, एवढंच विचारलं होतं.”

मी वरचं सगळं डिलीट केलं आणि लिहिलं, “येते.”